बॅटरी गेली नव्हती, तार तुटली होती

ऑगस्टमधली उघडीप होती. आठ दिवस झड लागून राहिली होती आणि सोयाबीनमध्ये चक्रीभुंगा दिसायला लागला होता. वाशिमकडच्या आमच्या पट्ट्यात अशा दिवशी सगळ्यांनाच एकदम फवारायचं असतं, कारण आभाळ पुन्हा कधी भरून येईल याचा नेम नसतो. सकाळी दव उतरलं, वारा पडलेला होता. सोळा लिटरचा बॅटरी पंप पाठीवर घेऊन मी वावरात शिरलो. चार तासं, म्हणजे पिकाच्या चार ओळी, नीट झाली. पाचव्याला मोटरचा आवाज बसला आणि नोझलमधून फवाऱ्याऐवजी धार पडायला लागली. खांदा हलवला की जोर यायचा, धुऱ्यावर वळताना वाकलो की जायचा. मग एकदम बंद.

रात्रभर चार्जिंग झालं होतं. चार्जरचा हिरवा दिवा मी पहाटे स्वतः पाहिला होता.

बाबा धुऱ्यावर उभे होते. "बॅटरी गेली असन तं नवी आण, पण फवारा आजच झाला पायजे." शेजारच्या काकांचा पंप दुपारी मोकळा झाला, तो मागून आणला आणि संध्याकाळपर्यंत वावर उरकलं. माझा पंप मात्र दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेला.

दुकानात मीटर लावला, १२.३ व्होल्ट दाखवले. पंप जोडून बटण दाबलं, मोटर हललीसुद्धा नाही. दुकानदार म्हणाला, "दाखवायला व्होल्ट दाखवतो, पण लोड घेत नाही. सेल बसले. पॅक बदला." नव्या पॅकचे बावीसशे रुपये. दोन वर्षांपूर्वीच मी जुनी शिशाची जड बॅटरी काढून हा लिथियमचा पॅक बसवला होता. पाठीवरचं ओझं एकदम कमी झालं होतं, त्यामुळे त्याच्यावर जीव होता. पैसे देण्याआधी एकदा घरी नीट बघू, असं ठरवून परत आलो. पॅक कचऱ्यात जायच्या बेतात होता आणि त्यात काहीही बिघाड नव्हता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"लोड घेत नाही" हे वाक्य मात्र डोक्यात राहिलं. सेल बसले की लोड घेत नाहीत हे खरंच आहे. पण वायर आतून तुटत आली असेल, तरी नेमकं असंच होतं. मीटरला वीज लागते नावापुरती. पन्नास तारांपैकी एक तार जरी शाबूत असली, तरी तिच्यातून मीटरपुरतं जातं आणि १२.३ व्होल्ट छान दिसतात. मोटर तीन-चार अँपिअर मागते, तेवढं त्या एका तारेतून जात नाही. वायर सलग आहे का हे सांगणारा मीटरचा कंटिन्यूटीचा बीपसुद्धा असाच फसवतो. एका तारेवरही तो तितक्याच जोरात वाजतो.

म्हणून आधी लोड, म्हणजे मोटरइतकी वीज ओढणारं काहीतरी, शोधला. जुन्या मोटारसायकलचा हेडलाइटचा १२ व्होल्ट, ३५ वॅटचा बल्ब घरात पडला होता. तो साधारण तीन अँपिअर ओढतो, म्हणजे पंपाच्या मोटरच्या जवळपास. पॅकची वायर पंपाच्या वायरीला जिथे जोडली जाते, त्या प्लॅस्टिकच्या कपलरच्या दोन पिनांना बल्ब जोडला. पिवळट, मेलेला उजेड आला. मीटर कपलरवर लावला, सव्वासात व्होल्ट. आता प्रश्न होता की बाकीचे व्होल्ट कुठे जातात? पॅकच्या आतच, की पॅकपासून कपलरपर्यंतच्या वायरीत?

त्यासाठी दोन टाचण्या घेतल्या. पॅकच्या निळ्या वेष्टनातून लाल आणि काळी वायर जिथे बाहेर येते, तिथे एकेका वायरीच्या कातडीत एकेक टाचणी टोचली, आतल्या तांब्याला लागेपर्यंत. दोन्ही टाचण्या एकमेकींना लागू नयेत म्हणून एक वरच्या अंगाला, दुसरी बोटभर खाली. बल्ब तसाच चालू ठेवून मीटर टाचण्यांवर लावला. ११.८. पॅक बिचारा पूर्ण जोर देत होता. साडेचार व्होल्ट हातभर वायरीतच संपत होते.

पुढचं काम बोटांनी झालं. चांगली वायर दाबली तर कमानीसारखी वाकते. तुटलेली वायर एका ठिकाणी बिजागरीसारखी मोडते, कारण आत तांबं नसतं, नुसती कातडी असते. काळ्या वायरीवरून अंगठा फिरवत गेलो आणि कपलरच्या अगदी मागे ती तशी मोडली. जागा हाताला कोमट लागत होती. तिथे चिमटीत धरून तांबं एकमेकांवर दाबलं, तर बल्ब लख्ख पेटला. चक्रीभुंगा देठाला दोन गोल खाचा पाडतो, वरचं पान दोन दिवस हिरवंच दिसतं आणि मग माना टाकतं. माझ्या वायरीचं तेच झालं होतं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

इथपर्यंत सगळं बरोबर केलं, आणि पुढे घाई केली.

रात्री जेवणं झाल्यावर बसलो. लाल वायरही जुनीच आहे, दोन्ही एकदमच बदलून टाकू, असं मनात आलं. काळी कापली, सोलली. लाल कापली, सोलली. दोन्ही उघडी टोकं टेबलावर शेजारी ठेवून डाग द्यायचं शिसं (सोल्डर) शोधायला वळलो आणि वायरीच्या स्वतःच्या पिळाने त्या एकमेकींना लागल्या. फट्‌ असा आवाज झाला, निळी-पांढरी ठिणगी उडाली. लाल वायरीच्या टोकाच्या चार तारा वितळून मण्यासारख्या झाल्या. मीटर लावला तर शून्य.

त्या शून्याकडे बघत मी बराच वेळ बसून राहिलो. पॅकच्या आत एक छोटं संरक्षक सर्किट असतं, त्याला बीएमएस म्हणतात. शॉर्ट झाला की ते बाहेरचा रस्ता बंद करतं, सेल वाचवतं. माझ्या बाबतीत त्याने तेच केलं होतं. कित्येक पॅकमध्ये ते चार्जर लावल्याशिवाय पुन्हा उघडत नाही, आणि लोक पॅक मेला समजून टाकून देतात. मी वायरी एकेक करून जोडल्या, टेप मारला, चार्जर लावला, दोन मिनिटांनी काढला. १२.२. छातीवरचा दगड उतरला. पण बीएमएस नसलेला किंवा ते बिघडलेला पॅक असता, तर त्या रात्री काय झालं असतं याचा विचार अजून करवत नाही. लिथियमचा पॅक शॉर्ट झाला की क्षणात शेकडो अँपिअर वाहू शकतात. टेबलावर मुलांची पुस्तकं होती.

तेव्हापासून माझ्या घरी एकच रीत आहे. एका वेळी एकच वायर. लाल कापायची, जोडायची, झाकायची, आणि मगच काळीला हात लावायचा. दुसरी वायर त्या वेळी कातडीतच राहते. आणि काम बाहेर ओट्यावर, खाली पत्रा टाकून.

तो पहिला जोड चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी पुन्हा तेच, वाकलं की बंद. आणि तार माझ्या जोडात तुटली नव्हती. जोड दगडासारखा घट्ट होता. त्याच्या पुढे अर्ध्या इंचावर तुटली होती.

हा प्रकार मला कळेना. म्हणून तालुक्याच्या स्टँडमागे गाड्यांची वायरिंग करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे पॅक घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर केला, माझा जोड बोटात धरून हलवला आणि म्हणाले, "भाऊ, तार डागात कधीच तुटत नाही. डाग संपतो तिथं तुटते." मग त्यांनी ब्लेडने कातडी उभी चिरून दाखवली. मी शिसं इतकं पाजलं होतं की वातीत तेल चढावं तसं ते कातडीखाली बोटभर आत चढलं होतं. तेवढी वायर सळईसारखी कडक झाली होती. पंप पाठीवर हिंदकळतो, मोटर थरथरते, तो सगळा वाक सळई संपते त्या एका रेषेवर येतो. लोखंडाची तार पुढे-मागे वाकवून आपण मोडतोच की, तसंच. कारखान्यातला मूळचा जोडही असाच मोडला होता, फरक इतकाच की तिथे कडक भाग पिनेचा होता.

त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली ती त्याहून महत्त्वाची. दुचाकीच्या कपलरची पितळी पिन हातात घेतली. तिला मागे कानांच्या दोन जोड्या असतात. पुढचे कान बारीक, ते उघड्या तांब्यावर दुमडायचे. मागचे कान मोठे, ते कातडीवर दुमडायचे. वीज पुढच्या कानांतून जाते आणि हिसका मागचे कान झेलतात. मी आयुष्यभर वायर गरजेपेक्षा जास्त सोलत आलो आणि चारही कान तांब्यावरच दाबत आलो. त्यामुळे प्रत्येक हिसका थेट बारीक तारांवर बसत होता. एवढीशी पिन, दीड-दोन रुपयांची, पण ती घडवणाऱ्याने सगळा विचार त्या मागच्या कानांत करून ठेवला आहे.

चाचांकडून दोन कपलर, आठ पिना, दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) बारीक तारांची मऊ वायर आणि तापवली की आवळणारी स्लीव्ह घेऊन आलो. वायर घेताना मी घरातली वायरिंगची दीड स्क्वेअर शिल्लक आहे म्हणालो, त्यांनी हातानेच नको केलं. जाडी तीच असली तरी तिच्यातल्या तारा जाड आणि थोड्या असतात. भिंतीत पडून राहायला ती ठीक. सतत वाकणाऱ्या जागी तारा जितक्या बारीक आणि जास्त, तितकी वायर टिकते.

घरी आल्यावर आधी सगळं पुसून स्वच्छ केलं. हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. फवारणी पंपाच्या वायरीवर औषध असतं. बॅटरीच्या खालच्या कप्प्यात ठिबकून ते कातडीवर वाळतं. त्यावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न ठेवलं की धूर थेट नाकात जातो. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी गेले. तो पावसाळा इथे कुणी विसरलेलं नाही. पॅक बाजूला काढून, हातमोजे घालून, ओल्या साबणाच्या फडक्याने वायरी पुसल्या, मग कोरड्या केल्या, उन्हात अर्धा तास ठेवल्या.

मग काळी वायर मागे मागे कापत गेलो. पहिल्या कापात तांबं काळं. दुसऱ्यात हिरवट. कातडीच्या आत तीन इंचांपर्यंत ते औषध शिरलं होतं. काळ्या तांब्याला डाग बसत नाही, शिसं पाऱ्यासारखं घरंगळून जातं. आई बाजूला बसली होती, म्हणाली, "देवाची भांडी चिंचेनं घासतो, तसं कर." खरंच चिंच-मिठाने वरच्या तारा लखलखल्या, पण पिळाच्या आतल्या तशाच काळ्या राहिल्या, आणि चिंचेचा अंश आत राहिला तर पुन्हा कुजणारच. शेवटी लालचुटूक तांबं लागेपर्यंत कापणं हाच उपाय. पॅकपासून दोन इंच वायर उरली. त्याहून कमी उरली असती, तर निळं वेष्टन फाडून आत सर्किटवर डाग द्यावा लागला असता, आणि ते काम मी घरी केलं नसतं. तिथे सेल एका बोटावर असतात आणि आयर्नचं टोक तीनशे अंशांच्या पुढे असतं.

नवी वायर जोडताना स्लीव्हचा तुकडा आधी ओवून घेतला. (पहिल्या वेळी तो विसरल्यामुळेच टेपवर भागवलं होतं.) दोन्ही टोकांच्या तारा एकमेकींवर पिळल्या. शिसं नीट बसावं म्हणून लावायची पेस्ट नावाला, तीही राळेची. पत्र्याच्या कामाची आंबट पेस्ट स्वस्त मिळते, पण ती मागे राहून तांबं खाते. आयर्न खालून लावलं, शिसं वरून. वायर तापली की शिसं आपोआप आत ओढलं जातं, आणि पिळाचा आकार दिसत राहिला पाहिजे. गोळा झाला तर समजायचं की शिसं जास्त झालं, किंवा वायर थंड राहिली. कातडीच्या तोंडाशी ओल्या कापसाचा बोळा चिमट्याने धरला, म्हणजे शिसं तिथेच थिजतं, आत चढत नाही. ही युक्ती चाचांची. स्लीव्ह जोडावर सरकवून आयर्नच्या दांडीच्या बाजूने तापवली. काडी किंवा लायटर पॅकजवळ नकोच.

काळी झाकली, मग लाल. लाल वायरीचा जोड मुद्दाम इंचभर पुढे घेतला, म्हणजे स्लीव्ह फाटली तरी दोन जोड समोरासमोर येणार नाहीत. दुसऱ्या टोकाला पिना. पाच मिलिमीटरच सोललं, पुढचे कान तांब्यावर, मागचे कातडीवर, पक्कडीने दाबलं आणि ओढून पाहिलं. एक पिन हातात आली, ती कापून दुसरी लावली. ओढून हातात येणारी पिन वावरात नक्की येते.

कपलर लावतानाही एक बदल केला. पॅकच्या बाजूला मूळचा कपलर उघड्या पिनांचा होता. वीज पॅकमध्ये असते. त्यामुळे पॅकच्या वायरीला फिमेल हवी, जिच्या पिना प्लॅस्टिकच्या आत बुडालेल्या असतात, आणि पंपाच्या बाजूला मेल. पॅक नुसता काढून ठेवला आणि त्यावर पाना पडला, तरी काही होणार नाही. लाल समोर लाल येते का, हे जोडण्याआधी मीटरने तपासलं.

शेवटचं काम आधाराचं. दोन्ही वायरी पॅकच्या अंगावर आडव्या घेऊन कापडी टेपने बांधल्या, जोड त्या बांधणीच्या आत. बांधणीतून बाहेर आल्यावर वायरीला एक सैल वेटोळं दिलं आणि मग कपलर. आता पंप हिंदकळला की ते वेटोळं डुलतं. जोड पॅकला चिकटून झोपलेला असतो.

पुन्हा बल्ब लावला. टाचण्यांवर ११.८ आणि कपलरवर ११.७. उजेड पांढरा. वायर वाकवली, पिळली, झटका दिला. आकडा हलला नाही.

तांबं कुजण्याचं मूळ कारण मात्र वायरीत नव्हतंच. दुसऱ्या दिवशी टाकीत साधं पाणी भरून पंप उलटा-सुलटा करून पाहिला, तर पाइपाच्या नटातून थेंब थेंब बॅटरीच्या कप्प्यात जात होता. आतला रबरी वायसर चपटा झाला होता. पाच रुपयांचा वायसर बदलला आणि कप्प्याच्या तळाला एक भोक पाडलं, म्हणजे पाणी साचणार नाही. तो थेंब थांबवला नसता, तर नवी वायरही आतून हिरवी झालीच असती.

चार्जरचंही बोलून टाकतो, कारण आमच्या गावात अजून चार जणांनी शिशाच्या जागी लिथियम बसवलं आहे आणि जुनाच चार्जर वापरतात. माझा पॅक तीन सेलांच्या मालिकेचा आहे, त्याला १२.६ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नसतं. शिशाच्या बॅटरीचा चार्जर १४ च्या वर जातो. मध्ये अडवायला फक्त ते बीएमएस उभं असतं, आणि त्याच्या भरवशावर रात्रभर घरात चार्जिंग लावून झोपू नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. फुगलेला, वास येणारा किंवा पाण्यात बुडालेला पॅक असेल, तर त्याची वायर दुरुस्त करायच्या भानगडीतही पडू नका.

त्या जोडावर सोयाबीनची पुढची फवारणी झाली, मग तुरीच्या दोन झाल्या, हरभऱ्याची झाली. हा दुसरा हंगाम. दर महिन्याला बल्ब लावून दोन आकडे बघतो आणि वहीत लिहून ठेवतो. अजून एक दशांशापेक्षा जास्त फरक आलेला नाही.

काल ज्या काकांचा पंप त्या दिवशी मागून आणला होता, तेच त्यांचा पंप घेऊन आले. दुकानात "सेल बसले" म्हणाले होते. बल्ब जोडला, कपलरवर ८, टाचण्यांवर ११.६. आत्ता पॅक ओट्यावर पत्र्यावर आहे. लाल वायर जोडून झाकून झाली आहे. काळी अजून कापलेली नाही.